तीन पानं मोजून एक मॉन्स्टर

‘फ्लेम स्वोर्ड्समन’ नावाचं एक पान आहे. पेटती तलवार उपसलेला योद्धा, हल्ल्याची ताकद १८००, बचावाची १६००. ‘यू-गि-ओह!’ या जपानी पत्त्यांच्या खेळात त्याला मैदानात उतरवायचं तर आधी तीन पानं जमवावी लागतात. ९०० ताकदीचा ‘फ्लेम मॅनिप्युलेटर’, ११०० ताकदीचा ‘मासाकी द लेजंडरी स्वोर्ड्समन’ आणि या दोघांना एकजीव करणारं ‘पॉलिमरायझेशन’ हे जादूचं पान. तिन्ही पानं खर्ची पडतात, तेव्हा कुठे हा योद्धा उभा राहतो. समोरचा खेळाडू मात्र आपल्या पाळीत ‘ला जिन’ हा दिव्यातला जिन्न एकाच पानात, काहीही न मोजता उतरवतो. त्याची ताकदही १८००च.

हिशेब उघड तोट्याचा आहे. तरीही दोन मॉन्स्टर जोडून तिसरा घडवण्याची हौस या खेळात कधी कमी झाली नाही. उलट जोडणीच्या नवनव्या पद्धती येत गेल्या: फ्यूजन, सिंक्रो, एक्सीझ, लिंक. नवख्याला ही नावं ऐकूनच गरगरायला होतं. पण यातल्या प्रत्येक पद्धतीला तीनच प्रश्न विचारले की गुंता सुटू लागतो. कोण कोणाशी जुळतं? जुळणारी पानं कुठून घ्यायची? आणि जोडणी झाल्यावर त्या पानांचं काय होतं? जोडणीची किंमत या तीन उत्तरांवर ठरते. ही किंमत कशी उतरत गेली आणि फार उतरली तिथे खेळ चालवणाऱ्या कोनामी कंपनीने लगाम कसा घातला, हे पाहिलं की खेळाचा सगळा प्रवास समजतो.

कथेतून टेबलावर

काझुकी ताकाहाशी यांची मूळ चित्रकथा १९९६ साली ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकात सुरू झाली. कोनामीने त्यातल्या पत्त्यांचा खराखुरा खेळ १९९९ साली जपानमध्ये आणि २००२ साली इंग्रजीत आणला. चित्रकथेत नियमांचा काच नव्हता. कथेला जे शोभेल ते घडे. पेगसस या खलनायकाच्या किल्ल्यावरच्या लढतीत नायक यूगीचा प्रतिस्पर्धी कैबा तीन ‘ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन’ जोडून तीन मुंडक्यांचा महाकाय ड्रॅगन उभा करतो. यूगीकडे त्याला तोडीस तोड असं काहीच नसतं. मग तो आपला नुसता हाडांचा सापळा उरलेला मॅमथ कैबाच्याच ड्रॅगनशी जोडून टाकतो. मेलेला प्राणी जिवंत ड्रॅगनच्या अंगात मिसळतो आणि ड्रॅगन आतून सडू लागतो.

ही कल्पना जबरदस्त होती, पण टेबलावर बसलेल्या दोन मुलांना अशा कल्पनेवर खेळता येत नाही. एक म्हणेल सडतो, दुसरा म्हणेल नाही सडत. मग काय करायचं? सुरुवातीच्या व्हिडिओ गेममध्ये निवाडा करायला यंत्र होतं. १९९९ साली प्लेस्टेशनवर आलेल्या ‘फॉरबिडन मेमरीज’मध्ये पॉलिमरायझेशन लागतच नसे. एखादा ड्रॅगन आणि एखादा विजेचा मॉन्स्टर एकावर एक टाकला की २८०० ताकदीचा ‘ट्विन-हेडेड थंडर ड्रॅगन’ तयार होऊ शके. कोण कोणाशी जुळतं याची लांबलचक यादी यंत्राच्या पोटात होती. छापील पत्त्यांना ती सोय नव्हती. जे काही सांगायचं ते पानावरच्या चार ओळींतच बसवायला हवं होतं.

नावाला नाव

म्हणून पहिली फ्यूजन पानं अगदी काटेकोर होती. जांभळ्या चौकटीच्या पानावर घटकांची नावं छापलेली असत. नेमकी तीच दोन पानं हातात किंवा मैदानात हवीत, सोबत पॉलिमरायझेशन हवं, आणि तिन्ही शेवटी ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरून झालेल्या पानांच्या ढिगात, जाणार. फ्यूजन मॉन्स्टर मात्र मुख्य गड्डीत नसे. तो बाजूला वेगळ्या गड्डीत वाट पाहत असे. त्या गड्डीला तेव्हा फ्यूजन डेक म्हणत आणि तिला पानांची कमाल मर्यादा नव्हती.

४० पानांच्या गड्डीत एक पान जास्तीत जास्त तीन वेळा ठेवता येतं. त्यामुळे नेमकी तीन वेगवेगळी पानं एकाच वेळी हाती लागणं हा मोठा योग होता. ४५०० ताकदीच्या ‘ब्लू-आइज अल्टिमेट ड्रॅगन’ला तर चार पानं लागत, आणि त्यातली तीन एरवी हातात नुसती अडून बसणारी. कारण लेव्हल (पानावर छापलेली पायरी) ७ किंवा त्याहून वरचा मॉन्स्टर साध्या मार्गाने उतरवायचा तर मैदानातल्या दोन मॉन्स्टरांचा बळी द्यावा लागतो, आणि असं साधं उतरवणं एका पाळीत एकदाच करता येतं.

या काळातलं एक पान मात्र हिशेबात बसत होतं. ‘थंडर ड्रॅगन’ हातातून टाकून दिला की गड्डीतून आणखी दोन थंडर ड्रॅगन हातात घेता येतात. गड्डीत तो तीनच वेळा असू शकतो. एक टाकला, उरलेले दोन आले, आणि ‘ट्विन-हेडेड थंडर ड्रॅगन’ला हवेत नेमके दोन. म्हणजे एक थंडर ड्रॅगन आणि एक पॉलिमरायझेशन एवढ्या दोन पानांत २८०० ताकद उभी. शिवाय पानं ओढत बसण्याचा योगायोग निम्मा झाला. पुढे येणाऱ्या जवळपास सगळ्या सुधारणांचं बीज या एका पानात होतं: घटक हातात येण्याची वाट न पाहता ते गड्डीतून आणायचे.

दुसरी वाट मागच्या दाराची होती. ‘मेटॅमॉर्फसिस’ या जादूच्या पानाने मैदानातला एक मॉन्स्टर देऊन त्याच लेव्हलचा फ्यूजन मॉन्स्टर आणता येई. घटक कोण, याची चौकशीच नाही. ‘स्केपगोट’ हे पान लेव्हल १ची चार मेंढरं उभी करतं. त्यातलं एक मेटॅमॉर्फसिसला दिलं की लेव्हल १चा ‘थाउजंड-आइज रिस्ट्रिक्ट’ हजर. तो समोरच्याचा एक मॉन्स्टर गिळून त्याची ताकद घेतो आणि बाकी कुणाला हल्ला करू देत नाही. २००५ सालचा खेळ या जोडीने इतका व्यापला की त्या काळच्या पत्त्यांनी आणि नियमांनी खेळायच्या प्रकाराला खेळाडू आजही ‘गोट फॉरमॅट’ म्हणतात.

‘मॅजिकल सायंटिस्ट’ने तर कहरच केला. ८००० गुणांपैकी १००० मोजले की लेव्हल ६ पर्यंतचा कोणताही फ्यूजन मॉन्स्टर, आणि तेही पाहिजे तितक्या वेळा. मैदानातला मॉन्स्टर फेकून त्याच्या निम्म्या ताकदीचं नुकसान करणारा ‘कॅटापल्ट टर्टल’ सोबतीला आला की समोरच्याला एकही पाळी न मिळता डाव संपे. सायंटिस्टवर बंदी आली. कासवाच्या पानावरचा मजकूर पुढे बदलून ‘पाळीत एकदाच’ असा केला गेला.

मागच्या दाराला एक कायमची अट आहे आणि ती आजही लागू आहे. फ्यूजन डेकमधला, म्हणजे आताच्या एक्स्ट्रा डेकमधला, मॉन्स्टर त्याच्या रीतसर पद्धतीने उतरला नसेल, तर एकदा ग्रेव्हयार्डमध्ये गेल्यावर त्याला तिथून परत उठवता येत नाही. मेटॅमॉर्फसिसने आणलेला थाउजंड-आइज मेला की मेला. फ्यूजन करून आणलेला मात्र पुन्हा उठू शकतो. पॉलिमरायझेशनला मोजलेल्या किमतीचं चीज होतं ते इथे.

नात्यागोत्याची जुळणी

पुढची मोठी मोकळीक घटकांच्या वर्णनात आली. पानावर नावाऐवजी जात किंवा तत्त्व छापलं जाऊ लागलं. ‘एलिमेंटल हिरो फ्लेम विंगमन’ला नेमके ‘एव्हियन’ आणि ‘बर्स्टिनाट्रिक्स’च लागत. नंतर आलेल्या ‘ॲब्सोल्यूट झीरो’ला मात्र कोणताही एक ‘हिरो’ मॉन्स्टर आणि कोणताही एक जलतत्त्वाचा मॉन्स्टर चालतो. गड्डीतली निम्मी पानं एकमेकांची जोडीदार झाली आणि हात अडून बसणं संपत आलं.

पॉलिमरायझेशनलाही पर्याय आले. ‘निओस’ आणि त्याचे सोबती मैदानात एकत्र असले की कुठल्याच जादूच्या पानाशिवाय जुळतात. बदल्यात ते ग्रेव्हयार्डमध्ये न जाता परत गड्डीत जातात. ‘मिरॅकल फ्यूजन’ ग्रेव्हयार्डमधले मेलेले हिरो जोडतं, पण ते खेळातून बाद होतात. उलट दिशेची सोयही होती. ‘डी-फ्यूजन’ टाकलं की जोडलेला मॉन्स्टर एक्स्ट्रा डेकमध्ये परत जातो आणि ग्रेव्हयार्डमधले त्याचे घटक पुन्हा मैदानात उभे राहतात. तिसऱ्या प्रश्नाची, म्हणजे घटकांचं पुढे काय होतं याची, एवढी उत्तरं एकट्या फ्यूजनने दिली.

आणि यूगीचा मॅमथही टेबलावर परतला, वेगळ्या रूपात. ‘किमेराटेक फोर्ट्रेस ड्रॅगन’ आपला ‘सायबर ड्रॅगन’ घेतो आणि त्यासोबत समोरच्याच्या मैदानातली यंत्रंसुद्धा घटक म्हणून ओढून नेतो. ‘सुपर पॉलिमरायझेशन’ हातातलं एक पान टाकायला लावतं, पण दोन्ही बाजूंच्या मैदानातले मॉन्स्टर जोडतं आणि त्यावर कुणालाच काही उत्तर देता येत नाही. इथे जोडणी हे केवळ आपला मॉन्स्टर घडवायचं साधन राहत नाही. समोरच्याचा खांब काढून घ्यायचं तेच हत्यार होतं. बरीचशी किंमतही समोरचाच मोजतो.

बेरीज, बरोबरी आणि बाण

२००८ साली सिंक्रो आलं आणि जादूच्या पानाची गरजच संपली. पांढऱ्या चौकटीचा सिंक्रो मॉन्स्टर आणायला मैदानात एक ‘ट्यूनर’ हवा आणि ट्यूनर नसलेले एक किंवा अधिक मॉन्स्टर. या सगळ्यांच्या लेव्हलची बेरीज सिंक्रो मॉन्स्टरच्या लेव्हलशी नेमकी जुळली पाहिजे. एक कमी नाही, एक जास्त नाही. हव्या त्या लेव्हलपेक्षा बेरीज जास्त झाली तरी चालवून घ्यायची ‘रिच्युअल’ या जुन्या पद्धतीतली मुभा इथे नाही. याच वर्षी फ्यूजन डेकचं नाव एक्स्ट्रा डेक झालं आणि तिच्यावर १५ पानांची मर्यादा आली.

एक डाव जवळून पाहावा. ग्रेव्हयार्डमध्ये लेव्हल २चा ‘स्पीड वॉरियर’ पडलेला आहे. खेळाडू लेव्हल ३चा ट्यूनर ‘जंक सिंक्रॉन’ उतरवतो. जंक सिंक्रॉन उतरताना लेव्हल २ किंवा त्याखालच्या एका मॉन्स्टरला ग्रेव्हयार्डमधून उठवतो. तीन अधिक दोन, पाच. २३०० ताकदीचा ‘जंक वॉरियर’ मैदानात. हातातून गेलं एकच पान. फ्लेम स्वोर्ड्समनचा हिशेब याशेजारी ठेवला की खेळ किती बदलला ते कळतं: तिथे तीन पानांत १८००, इथे एका पानात २३००.

किंमत इतकी उतरली की लगाम लागलाच. ‘गोयो गार्डियन’ला कोणताही ट्यूनर चालायचा. लेव्हल ६, ताकद २८००, आणि हरवलेला मॉन्स्टर तो आपल्याकडे ओढून घ्यायचा. ज्याच्या गड्डीत बेरीज सहा होई, त्याच्या एक्स्ट्रा डेकमध्ये गोयो असायचाच. त्याच्यावर बंदी आली. परतला तेव्हा पानावर एक नवी अट होती, ट्यूनर पृथ्वीतत्त्वाचाच हवा.

२०११ सालच्या एक्सीझने बेरीज काढून टाकली आणि बरोबरी आणली. एकाच लेव्हलचे दोन किंवा अधिक मॉन्स्टर एकमेकांवर ठेवायचे आणि त्यांच्यावर काळ्या चौकटीचा मॉन्स्टर. त्याला लेव्हल नसते, रँक असतो. लेव्हल ४चे दोन मॉन्स्टर म्हणजे २५०० ताकदीचा ‘युटोपिया’. लेव्हल ४चे मॉन्स्टर बळी न देता उतरतात, म्हणून ते प्रत्येकाच्या गड्डीत मुबलक असतात, आणि म्हणून रँक ४ ही सगळ्यांत गजबजलेली पायरी झाली.

एक्सीझची खरी गंमत तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. घटक पानं कुठे जात नाहीत, ती मॉन्स्टरच्या पोटाखालीच राहतात आणि इंधनासारखी एकेक करून खर्च होतात. युटोपिया हल्ला अडवतो तो खालचं एक पान काढून टाकून. ती संपली की तो नुसता देखणा पुतळा. शिवाय खाली दडलेलं पान ‘मैदानात आहे’ असं नियम मानत नाही. ‘सँगन’ हे पान मैदानातून ग्रेव्हयार्डमध्ये गेलं की गड्डीतून एक कमकुवत मॉन्स्टर हातात आणून देतं. सिंक्रोसाठी खर्च झालेला सँगन हे काम चोख करतो. युटोपियासारख्या एक्सीझखालून निघालेला सँगन मात्र काहीच देत नाही. स्केपगोटच्या मेंढरांसारखी टोकनंही एक्सीझला चालत नाहीत, कारण त्यांना मैदानाबाहेर अस्तित्वच नाही. मग ती दुसऱ्या पानाखाली राहणार कुठे?

२०१४ सालचं पेंड्युलम ही जोडणी नव्हे. दोन टोकांना ठेवलेल्या पानांच्या आकड्यांमधल्या लेव्हलचे कितीतरी मॉन्स्टर ते एकदम उतरवतं. पण सिंक्रो-एक्सीझला लागणारा कच्चा माल एका झटक्यात मैदानात येऊ लागला आणि बाकी सगळ्या जोडण्यांचा वेग त्यामुळे वाढला.

२०१७ साली आलेलं लिंक सगळ्यांत सैलही होतं आणि सगळ्यांत जाचकही. सैल अशासाठी की इथे लेव्हलची भानगडच नाही. मोजायची ती डोकी. पानाच्या कडेला तीन बाण छापलेला ‘डिकोड टॉकर’ आणायला तीन घटक हवेत. पण आधीचा दोन बाणांचा लिंक मॉन्स्टर दोन म्हणून मोजता येतो, म्हणजे तो आणि आणखी एक, झाले तीन. या पायऱ्या चढत जाण्यात खेळाडू तरबेज झाले. २००५ सालची स्केपगोटची मेंढरं पुन्हा बाहेर आली. समोरच्याच्या पाळीच्या शेवटी चार टोकनं उभी करायची आणि आपल्या पाळीत त्यांच्या पाठीवरून वर चढायचं. नुसती मोजायची म्हटल्यावर मेंढरू आणि ड्रॅगन सारखेच.

जाचक अशासाठी की याच वेळी बदललेल्या नियमाने एक्स्ट्रा डेकमधून येणाऱ्या प्रत्येक मॉन्स्टरला बसायला एकच खास जागा ठेवली. दुसरा आणायचा असेल तर लिंक मॉन्स्टरचा बाण ज्या चौकोनाकडे असेल तिथेच. वर्षानुवर्षं फ्यूजन किंवा सिंक्रो खेळणाऱ्याला आपली आवडती गड्डी चालवायची म्हणून लिंक पानं घ्यावी लागली. हा नियम नव्या पद्धतीला आधार देत होता, पण जुन्या पद्धतींच्या पायात बेडी घालत होता. १ एप्रिल २०२० पासून कोनामीने ती बेडी काढली. फ्यूजन, सिंक्रो आणि एक्सीझ पुन्हा हव्या त्या चौकोनात बसू लागले. बाणांची अट लिंकला आणि एक्स्ट्रा डेकमधून परतणाऱ्या पेंड्युलम मॉन्स्टरला तेवढी उरली. जोडणीच्या नियमांत इतक्या ठळकपणे मागे घेतलेलं पाऊल दुसरं नाही, आणि ते घेतलं हे चांगलंच झालं.

शेजारच्या खेळांत

ही ओढ एका खेळापुरती नाही. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ने २०१६ साली ‘मेल्ड’ आणलं. ब्रूना आणि गिसेला हे दोन देवदूत एकाच खेळाडूकडे असतील तर दोन्ही पानं उलटवून शेजारी लावायची, आणि मागच्या बाजूंचं मिळून एक दुप्पट मोठं चित्र होतं: ब्रिसेला. पोकेमॉनच्या इंग्रजी पत्त्यांत २०१० साली ‘लेजंड’ पानं आली. अर्धं चित्र एका पानावर, अर्धं दुसऱ्यावर, आणि दोन्ही हातात असल्याशिवाय खेळताच येत नाहीत. दोन्हीकडे नावाला नाव हाच नियम आहे. डोळ्यांना सुख मोठं, पण ज्या जोडीला जोडायचं तिलाच जोडायचं. जोडणीला संपूर्ण खेळाचा कणा बनवलं ते यू-गि-ओहने.

पुन्हा गड्डीकडे

लिंकच्या धामधुमीतही फ्यूजन मागे पडलं नाही, कारण त्याने आपला दुसरा प्रश्न नव्याने सोडवला. घटक कुठून घ्यायचे? थेट गड्डीतून. २०१४ सालचं ‘शॅडॉल फ्यूजन’ तशी परवानगी देतं, पण समोरच्याकडे एक्स्ट्रा डेकमधून आलेला मॉन्स्टर असेल तरच. २०२१ साली आलेल्या ‘ब्रँडेड फ्यूजन’ला तीही अट नाही. एका पानात गड्डीतले दोन घटक थेट ग्रेव्हयार्डमध्ये आणि फ्यूजन मॉन्स्टर मैदानात. यावर लगाम वेगळ्या जागी आहे. ते पान पाळीत एकदाच चालतं, त्या पाळीत एक्स्ट्रा डेकमधून फ्यूजनखेरीज काहीही आणता येत नाही, आणि येणाऱ्या मॉन्स्टरच्या घटकांत ‘फॉलन ऑफ अल्बाझ’चं नाव असलंच पाहिजे. पूर्वी किंमत पानांत मोजली जाई. आता ती मोजावी लागते त्या पाळीतल्या इतर वाटा बंद करून.

जुन्या थंडर ड्रॅगनचं नशीब याच काळात पालटलं. २०१८ साली त्याच्या गोतावळ्यातला ‘थंडर ड्रॅगन कोलॉसस’ हा २६०० ताकदीचा फ्यूजन मॉन्स्टर आला. रीतसर फ्यूजनने तो येतोच, पण त्याला दुसरी वाटही आहे. त्या पाळीत एखाद्या विजेच्या मॉन्स्टरची शक्ती हातातून वापरली गेली असेल, तर मैदानातला विजेचा एक इफेक्ट (म्हणजे शक्ती असलेला) मॉन्स्टर बळी दिला की पॉलिमरायझेशनशिवाय कोलॉसस हजर. आणि तो मैदानात आहे तोवर समोरच्याला पान ओढण्याखेरीज गड्डीतून काहीही हातात घेता येत नाही. पुढे हा कोलॉससही बंदीच्या यादीत जाऊन आला.

हातातून शक्ती वापरायची ती कोणाची? त्यासाठी नवं पानच हवं असं नाही. पहिल्या काही वर्षांतला तोच थंडर ड्रॅगन, तोच मजकूर: स्वतःला टाकून दे आणि गड्डीतून आणखी दोघांना घेऊन ये. तेव्हा ते दोघे पॉलिमरायझेशनची वाट पाहत हातात थांबायचे. आता पहिला ग्रेव्हयार्डमध्ये पडतो तेवढ्यानेच कोलॉससची पहिली अट पुरी होते, आणि मागून आलेले दोन थंडर ड्रॅगन पुढच्या डावपेचासाठी हातात शिल्लक राहतात.